पडली म्हणून काय झाले?

यंदाच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतली, नववीत शिकणारी एक मुलगी शहरातल्या पाच किलोमीटरच्या धावण्याच्या स्पर्धेत चक्कर येऊन पडली. स्पर्धा सकाळी साडेसहाला सुरू व्हायची होती. प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला. ते आल्यावर हारतुरे झाले, भाषणे झाली, फोटो झाले. मुले-मुली उन्हात उभीच. झेंडा दाखवला तेव्हा नऊ वाजून गेले होते. वाटेत पाण्याची सोय एकाच ठिकाणी होती आणि तिथले पाणी पुढच्या मुलांनी संपवले होते. चौथा किलोमीटर संपता संपता पोरीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रस्त्याच्या कडेला बसली ती उठेचना. एका भल्या रिक्षावाल्याने तिला सावलीत नेले, अंगावर पाणी ओतले आणि घरी आणून सोडले.

घरी आजीने निकाल देऊन टाकला. "बाईच्या जातीला हे झेपत नाही. उद्यापासून धावणं बंद."

दोन दिवसांनी मुलीची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "दादा, तुम्ही चार बुकं वाचता. तुम्हीच सांगा. पोरगी रडून रडून अर्धी झालीय. सासूबाईंचंही खोटं नाही, त्या काळजीपोटीच बोलतात. तिला धावू देऊ का नको?"

आम्ही तिला एकच विचारले, "त्या दिवशी आणखी कोण कोण पडलं?" ती म्हणाली, "दोन मुलगेही बसले होते. एकाला तर उलट्या झाल्या." आम्ही पुढे विचारले, "त्यांच्या घरी काय म्हणाले? पुरुषाच्या जातीला झेपत नाही, असं कुणी म्हणालं का?" बाई जरा थांबली आणि हसली. म्हणाली, "नाही बा. ऊन लागलं म्हणाले."

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, मुलगा पडला तर ऊन लागले आणि मुलगी पडली तर तिची जात कमी पडली, असा हा हिशेब आहे. तो केवळ आमच्या वस्तीतला नाही. जगातल्या मोठमोठ्या शहरांत, भर उन्हाळ्यात झालेल्या मॅरेथॉन शर्यतींतही हाच हिशेब वर्षानुवर्षे चालला. तो कसा चालला आणि कुणी मोडला, ही हकीकत त्या माउलीला आम्ही सांगितली. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची धाव. हे अंतर प्रथम धावले गेले ते १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये. तारीख २४ जुलै, हवा उकाड्याची. इटलीचा डोरांडो पिएत्री हा मिठाईच्या दुकानात काम करणारा गडी स्टेडियममध्ये सर्वांच्या आधी शिरला. पण उन्हाने आणि थकव्याने त्याचे भान हरपले होते. तो उलट्याच दिशेने धावू लागला. मग पडला, उठला, पुन्हा पडला. असे अनेकदा झाले. शेवटी पंचांनी हात धरून त्याला रेषेपार नेले आणि दुसऱ्याची मदत मिळाली म्हणून त्याला बाद करण्यात आले. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेले. पण दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या राणीने पिएत्रीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला. पडलेला पुरुष वीर ठरला.

चार वर्षांनी, १४ जुलै १९१२ रोजी, स्टॉकहोमला मॅरेथॉन झाली. स्वीडनसारख्या थंड देशात त्या दिवशी ऊन कडक होते. ६८ जण धावायला निघाले आणि जवळजवळ निम्म्यांनी वाटेतच शर्यत सोडली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा सुतारकाम करणारा तरुण वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला चरबीसारखे काही चोपडले होते, त्यामुळे घाम बाहेर पडायला वाव राहिला नाही, असे सांगितले जाते. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार होऊन वाटेतल्या एका घरी थांबला. तिथे त्याने सरबत घेतले आणि पंचांना न कळवताच निघून गेला. पुढे १९६७ मध्ये स्वीडनच्या लोकांनी त्याला सन्मानाने बोलावले आणि राहिलेली शर्यत पुरी करायला लावली. चोपन्न वर्षांनी त्या म्हाताऱ्याने रेषा ओलांडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक माणूस पडला, एक मेला, एक निघून गेला. म्हणून 'पुरुषांनी मॅरेथॉन धावू नये' असा ठराव कुणी केला का? नाही. पुढच्या ऑलिंपिकला पुरुषांची मॅरेथॉन होतीच.

आता १९२८ साल पाहू. ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच मैदानी शर्यतींत प्रवेश मिळाला. त्यांची सर्वांत लांब शर्यत होती ८०० मीटरची, म्हणजे एक किलोमीटरसुद्धा नव्हे. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊच्या नऊ शेवटपर्यंत पोचल्या. जर्मनीची लीना राडके पहिली आली, जपानची किनुए हितोमी दुसरी. धाव संपल्यावर काही जणी दमून गवतावर आडव्या झाल्या. जीव तोडून धावलेला कोणीही होतो तशाच. पण वर्तमानपत्रांनी काय लिहिले? बायका कोसळल्या, हे दृश्य पाहवत नाही, बाईच्या शरीराला हे सोसणार नाही. काहींनी तर न घडलेल्या गोष्टीही छापल्या. परिणाम असा झाला की स्त्रियांची ८०० मीटर शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली. ती परत आली १९६० मध्ये. बत्तीस वर्षे गेली. त्या वर्षी जन्मलेली मुलगी बत्तीस वर्षांची झाली, तेव्हा कुठे तिला दोन फेऱ्या धावायची मुभा मिळाली. आणि मॅरेथॉन? तिचे तर नावच काढायचे नाही.

पण ज्यांना धावायचे होते त्या काही थांबल्या नाहीत. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली मॅरेथॉन जुनी आणि नावाजलेली. तिथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९६६ मध्ये बॉबी गिब हिने रीतसर परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग ती सुरुवातीच्या जागेजवळच्या झुडपात लपून बसली आणि शर्यत सुटल्यावर पुरुषांच्या घोळक्यात मिसळली. सुमारे तीन तास एकवीस मिनिटांत तिने अंतर पुरे केले. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, कॅथरीन स्विट्झर हिने नावाची फक्त आद्याक्षरे लिहून अर्ज भरला आणि २६१ हा क्रमांक मिळवला. ती धावत असताना एक अधिकारी मागून धावत आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडू लागला. सोबतच्या मित्राने त्याला ढकलून बाजूला केले. ती धावत राहिली आणि शर्यत पुरी केली. त्या झटापटीची छायाचित्रे जगभर गेली. १९७२ मध्ये बॉस्टनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. पण ऑलिंपिकमध्ये १९८० पर्यंत स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत १५०० मीटरचीच होती. स्विट्झर आणि तिच्यासारख्या अनेक जणींनी देशोदेशी स्त्रियांच्या मॅरेथॉन भरवल्या, 'हे पाहा, आम्ही धावतो' असे पुराव्यानिशी दाखवले. तेव्हा कुठे १९८१ मध्ये मान्यता मिळाली. पहिली शर्यत १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ठरली.

५ ऑगस्ट १९८४, रविवार. लॉस एंजेलिस हे अमेरिकेचे अवाढव्य शहर, मोटारींचे आणि रुंद रस्त्यांचे. महिना भर उन्हाळ्याचा. समुद्राजवळच्या सांता मोनिका कॉलेजच्या मैदानातून सकाळी आठ वाजता ५० जणी निघाल्या. सकाळी समुद्रावरचा गारवा होता. पण शहराच्या आत जावे तसे ऊन चढत होते आणि डांबर तापत होते.

अमेरिकेच्या जोन बेनॉइटची गोष्ट आधी ऐका. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी ती अमेरिकेच्या निवड शर्यतीत धावली आणि पहिली आली. ऑलिंपिकच्या दिवशी पाच किलोमीटरही झाले नव्हते, तोच ती घोळक्यातून पुढे निघून गेली. बाकीच्या नामांकित धावपटूंनी तिला जाऊ दिले. एवढ्या उन्हात एवढ्या लवकर सुटलेली बाई पुढे गळणार, आपण तिला गाठू, असा त्यांचा अंदाज होता. नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ त्यांत होती. शिक्षिका असलेली ही बाई न्यूयॉर्कची मॅरेथॉन तोवर अनेकदा जिंकून बसली होती. पण बेनॉइट गळली नाही. मोटारींसाठी बांधलेल्या त्या अफाट रस्त्यावर ती डोक्याला पांढरी टोपी घालून एकटी धावत राहिली. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. स्टेडियमच्या बोगद्यात शिरताना, इथून बाहेर पडल्यावर आपले आयुष्य पहिल्यासारखे राहणार नाही, असा विचार मनात आल्याचे तिने पुढे सांगितले. २ तास २४ मिनिटे ५२ सेकंद. स्त्रियांच्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे पहिले सुवर्णपदक तिचे. वाइट्झ दुसरी आली आणि पोर्तुगालची छोटीशी रोझा मोटा तिसरी.

इथे गोष्ट संपली असती तर आजचा लेख लिहायची गरज नव्हती. बेनॉइट येऊन सुमारे वीस मिनिटे झाली आणि त्याच बोगद्यातून स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस आत आली. वय ३९. सगळे स्टेडियम एकदम गप्प झाले. तिचे अंग एका बाजूला पिळवटल्यासारखे झाले होते, एक हात लुळा लोंबत होता, एक पाय जवळजवळ फरफटत होता. वाटेतली शेवटची पाणपोई तिच्याकडून चुकली होती. डॉक्टर तिच्याकडे धावले. तिने हातानेच त्यांना दूर राहायला सांगितले. कारण कुणाचा हात लागला तर पिएत्रीसारखे आपणही बाद होऊ, हे तिला त्या अवस्थेतही कळत होते. तिच्या अंगावर घाम आहे हे डॉक्टरांनी पाहिले, शरीरात अजून पाणी आहे असे मानले आणि तिला जाऊ दिले. स्टेडियममधली शेवटची फेरी पुरी करायला तिला साडेपाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. मध्येच ती थांबे, डोके धरी, पुन्हा पाय उचली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कित्येक जण रडत होते. रेषा ओलांडली आणि ती डॉक्टरांच्या हातात कोसळली. वेळ २ तास ४८ मिनिटे ४२ सेकंद, क्रमांक सदतिसावा. तिला थंड करण्यात आले आणि दोनेक तासांत ती सावरली. या वयात पुन्हा ऑलिंपिकची संधी येणार नव्हती, म्हणून शर्यत पुरी करायचीच होती, असे तिचे म्हणणे होते.

तो क्षण किती नाजूक होता, हे ध्यानात घ्या. १९२८ मध्ये काही जणी नुसत्या गवतावर आडव्या झाल्या तर बत्तीस वर्षे दार बंद झाले. इथे तर पहिल्याच मॅरेथॉनमध्ये, साऱ्या जगाच्या टीव्हीसमोर, एक बाई मोडून पडण्याच्या बेतात होती. 'बघा, आम्ही सांगत नव्हतो का' असे म्हणायला टपलेले लोक तेव्हाही होतेच. पण या वेळी दार बंद झाले नाही. का? एक तर त्याच दिवशी पन्नासपैकी ४४ जणींनी शर्यत पुरी केली होती. बेनॉइटची वेळ अशी होती की पुरुषांनीही तोंडात बोट घालावे. आणि दुसरे म्हणजे, या बायका आता कुणाच्या दयेवर आत आल्या नव्हत्या. पंधरा-अठरा वर्षे झगडून, संघटित होऊन आल्या होत्या. ज्याच्या मागे संघटना असते, त्याच्या एका पडण्यावरून त्याचा निकाल लावता येत नाही. ही गोष्ट आमच्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

दार बंद झाले नाही, उलट नियम बदलला. डॉक्टरने अंगाला हात लावून तपासले एवढ्यावरून धावपटू बाद होणार नाही, अशी तरतूद पुढे झाली. त्या नियमाला आजही अनेक जण शीसच्या नावाने ओळखतात. पडलेल्या बाईला दोष न देता पडलेल्या माणसाची काळजी कशी घ्यायची, हे ठरले. खरी सुधारणा ती हीच.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शीसची जिद्द मोठी, पण मुलींनी तिचे अनुकरण करावे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. 'मेले तरी थांबणार नाही' हे वाक्य नाटकात शोभते. धावताना शरीर जी शक्ती खर्च करते, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पाय पुढे टाकण्यात जातो. बाकी सगळी अंगात उष्णता होऊन साठते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि घाम वाळला तरच अंग थंड होते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंगातली उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली, माणूस बरळू लागला, भेलकांडू लागला, की तो उष्माघात समजावा. आज डॉक्टर नुसत्या घामावर विसंबत नाहीत. धावताना झालेल्या उष्माघातात घाम येत असतानाही जीव धोक्यात असू शकतो, हे आता माहीत झाले आहे. तिथे जिद्दीचे काम नसते, थंड पाण्याचे असते. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. पडण्याचा जसा हक्क आहे तसा थांबण्याचाही आहे.

आणि पडण्याचे कारण शोधायचे तर धावणाऱ्यापेक्षा धावायला लावणाऱ्याकडे आधी पाहावे. याचे ताजे उदाहरण २०१९ चे. कतार देशातल्या दोहा शहरात जागतिक स्पर्धा झाली. स्त्रियांची मॅरेथॉन २७ सप्टेंबरच्या रात्री, बाराला एक मिनिट कमी असताना सोडण्यात आली, म्हणजे ऊन टळावे. पण त्या मध्यरात्रीही उष्मा ३२ अंशांच्या वर होता आणि हवा ओलीचिंब. ६८ जणी निघाल्या, ४० जणी पोचल्या. अठ्ठावीस जणींना शर्यत सोडावी लागली. कित्येकींना चाकाच्या खुर्चीवर, स्ट्रेचरवर न्यावे लागले. केवढे हे पडणे! पण या वेळी 'बायकांना झेपत नाही' असे कुणी म्हटले नाही. लोकांनी संयोजकांना विचारले की अशा हवेत, अशा ठिकाणी ही शर्यत ठेवलीच का? या प्रश्नाचा उपयोग झाला. टोकियो ऑलिंपिकच्या मॅरेथॉन त्यानंतर काही दिवसांतच तिथून उत्तरेकडच्या सप्पोरो शहरात हलवण्याचे ठरले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथेही उकाडा आला, तेव्हा स्त्रियांची शर्यत एक तास अलीकडे घेऊन सकाळी सहाला सोडली. आणि २०२४ मध्ये पॅरिसला, ऑलिंपिकच्या शेवटच्या दिवशीचा मान, जो इतकी वर्षे पुरुषांच्या मॅरेथॉनला असे, तो स्त्रियांच्या मॅरेथॉनला मिळाला. इथिओपियात जन्मलेली, निर्वासित म्हणून नेदरलँडला आलेली सिफान हसन ती जिंकली. झुडपात लपलेल्या बाईपासून इथपर्यंत यायला ५८ वर्षे लागली.

आपल्या लेकीही या रस्त्यावर धावल्या आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेची मॅरेथॉन जिंकून रिओ ऑलिंपिकला गेली. तिच्याबरोबर केरळची ओ. पी. जैशा होती. १४ ऑगस्टला, सकाळी साडेनऊची ती शर्यत. तिकडे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, पण रिओचे ऊन आपल्यासारखेच तापट. कविताने २ तास ५९ मिनिटांत आणि जैशाने २ तास ४७ मिनिटांत अंतर पुरे केले. रेषा ओलांडताच जैशा कोसळली आणि तिला रुग्णालयात न्यावे लागले. वाटेत आपल्या देशाच्या टेबलांवर आपल्याला पाणी-पेय द्यायला कोणी नव्हते, असे तिने परतल्यावर सांगितले. ॲथलेटिक्स महासंघाने ते नाकारले. तशी पेये हवीत का असे विचारले होते, त्यांनीच नको म्हटले, असे महासंघाचे म्हणणे होते. सरकारने चौकशी नेमली. कोण किती खरे, यात आम्ही शिरत नाही. पण एक फरक बघा. शंभर वर्षांपूर्वी प्रश्न असता, 'बाई धावलीच कशाला?' २०१६ मध्ये देशभर प्रश्न होता, 'तिला पाणी कुणी द्यायचे होते?' प्रश्न योग्य माणसाकडे वळला. पाण्याचे मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. पाणी आहे की नाही, यावरून तिथे माणसाची काय किंमत आहे ते कळते.

एवढी हकीकत सांगून झाल्यावर आम्ही त्या माउलीला म्हणालो, "ताई, पोरीला धावू द्या. पण तीन गोष्टी करा."

पहिली म्हणजे पोरीचे रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलीला चक्कर येते ती नेहमी उन्हानेच येते असे नाही. घरात सगळ्यांचे झाल्यावर खरवडून उरलेले ती खात असेल, तर रस्त्यावर ती कशाच्या बळावर धावणार? पालेभाजी, डाळी, मटकी, शेंगदाणे, अंडी, जमेल तेव्हा मटण-मासळी, हे तिच्या ताटात आधी पडले पाहिजे.

दुसरी म्हणजे उन्हाची सवय हळूहळू होते. दहा-पंधरा दिवस रोज थोडे थोडे धावून शरीर उन्हाला सरावते. एका दिवसात हुकमावर सरावत नाही. पहाटे धावावे, अंगावर सैल आणि फिकट रंगाचे कपडे असावेत, तहान लागेल तसे पाणी प्यावे. जास्त वेळ धावणार असेल तर पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर असावी. आणि घाबरून नुसते पाणी ढोसूही नये, त्यानेही रक्तातले मीठ कमी होऊन माणूस दगावू शकतो. कुणी भेलकांडला, बरळू लागला, तर आधी सावली, मग थंड पाणी सगळ्या अंगावर, मग दवाखाना. गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवायचे नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचे नाही. तो रिक्षावाला शहाणा निघाला, त्याचे आभार माना.

तिसरी म्हणजे पुढच्या स्पर्धेला मुलीबरोबर चार पालकांनी जावे. अर्ज भरतानाच संयोजकांना विचारावे की पाणी किती ठिकाणी आहे, डॉक्टर आहे का, आणि पाहुणे आले नाहीत तरी शर्यत ठरल्या वेळी सुटेल का? पाहुण्यांसाठी लेकरांना उन्हात उभे करणे हा मान नव्हे, अपमान आहे. हे हात जोडून सांगावे, आणि एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून सांगावे.

मागच्या आठवड्यात बाई पुन्हा भेटली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. ते कमीच निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन महिन्यांनी पुन्हा बोलावले. तोवर धावणे नाही, चालायचे. मायलेकी रोज पहाटे चालायला जातात. आम्ही विचारले, "आणि आजीचं काय म्हणणं?"

"त्यांचं म्हणणं तेच आहे," बाई म्हणाली. "पण रोज आम्ही निघालो की त्याही उठतात. परत येईस्तोवर वस्तीच्या कोपऱ्यावर तांब्या घेऊन उभ्या. परवा पोरीनं विचारलं, आजी, आता धावू का? तर म्हणाल्या, पाणी देते म्हणजे हो म्हटलं असं समजू नकोस. आधी हे पी."

आमच्या मते लंडनच्या राणीच्या चषकापेक्षा हा तांब्या मोठा आहे.